प्रेक्षकाचा कौल आणि पडद्यावरचा खून : 'इत्तेफाक' (१९६९) या रहस्यपटाचा पुनर्विचार

प्रास्ताविक

रहस्यपटाविषयीचे प्रेक्षकमत हा चित्रपटसमीक्षेतील एक अडचणीचा विषय आहे. कौटुंबिक किंवा सामाजिक चित्रपट आवडला तर तो का आवडला हे प्रेक्षक मोकळेपणाने सांगू शकतो. रहस्यपटाच्या बाबतीत आवडीचे कारण सांगणे म्हणजे रहस्य फोडणे होय. त्यामुळे अशा चित्रपटाविषयीचे मत बहुधा 'एकदा बघाच, शेवट सांगत नाही' एवढ्यावर येऊन थांबते. अगाथा ख्रिस्ती यांचे 'द माउसट्रॅप' हे नाटक लंडनमध्ये १९५२ साली रंगभूमीवर आले; खुनी कोण हे बाहेर कोणालाही सांगू नये अशी विनंती प्रयोगाच्या अखेरीस प्रेक्षकांना करण्याची त्याची प्रथा सर्वश्रुत आहे. आल्फ्रेड हिचकॉक यांनी 'सायको'च्या (१९६०) वेळी खेळ सुरू झाल्यानंतर कोणालाही चित्रपटगृहात सोडू नये असा आग्रह धरला होता. प्रेक्षकाने पाळावयाचे हे मौन पुढे समीक्षकांनीही पाळले. परिणामी रहस्यपटावर परीक्षणे विपुल लिहिली गेली, परंतु समीक्षा फारशी झाली नाही. शेवटाविषयी बोलावयाचे नाही असे एकदा ठरले की कृतीच्या रचनेविषयी बोलण्याचा मार्ग आपोआप बंद होतो.

प्रस्तुत लेखात बी. आर. फिल्म्स निर्मित आणि यश चोप्रा दिग्दर्शित 'इत्तेफाक' (१९६९) या हिंदी रहस्यपटाचा विचार केला आहे. रहस्याचा उलगडा येथे आरंभापासून गृहीत धरला आहे, याची वाचकाने नोंद घ्यावी. चित्रपट हिंदी असला तरी तो मुंबईत घडला, मुंबईच्या गुजराती रंगभूमीवरून आला आणि त्याचा सर्व भार एका मराठी अभिनेत्रीने पेलला. त्याला मिळालेली दाद आणि त्याच्याविषयीच्या तक्रारी पाहता एक गोष्ट लक्षात येते. 'इत्तेफाक'चे रहस्य कथानकात जेवढे आहे, त्याहून अधिक ते प्रेक्षकाने नंदा या अभिनेत्रीविषयी आधीच बनवलेल्या मतात आहे. खुनाच्या कटात दिग्दर्शकाने प्रेक्षकाच्या मतालाच सामील करून घेतले आहे.

दोन खून आणि एक योगायोग

चित्रपटाचे कथासूत्र थोडक्यात असे. दिलीप रॉय (राजेश खन्ना) हा आपल्या कलेत बुडालेला चित्रकार आहे. पत्नीशी त्याचे कडाक्याचे भांडण होते, रागाच्या भरात तो तिला जिवे मारण्याची भाषा करतो आणि पुढे ती मृतावस्थेत सापडते. त्याच्यावर खटला भरला जातो. न्यायालयात त्याचा तोल सुटतो आणि मानसिक तपासणीसाठी त्याची रवानगी डॉ. त्रिवेदी (गजानन जागीरदार) यांच्या मनोरुग्णालयात होते. एका वादळी रात्री तो तेथून निसटतो आणि एका बंगल्यात शिरतो. तेथे रेखा (नंदा) एकटीच आहे. तिचा पती जगमोहन परगावी गेल्याचे ती सांगते. दिलीप तिला धाकात ठेवतो. रात्र सरत जाते तशी दोघांमधील भीती थोडी निवळते, आणि मग दिलीपला त्याच घरात एक प्रेत दिसते. रेखाला बोलावून आणेपर्यंत ते नाहीसे झालेले असते. आपण खरोखरच वेडे झालो आहोत की काय, अशी शंका दिलीपला येऊ लागते आणि प्रेक्षकालाही येते. अखेरीस उलगडते ते असे : दिलीप निर्दोष आहे; जगमोहनचा खून रेखाने आणि तिचा प्रियकर असलेल्या इन्स्पेक्टर दिवाणने (सुजितकुमार) केला आहे; आणि पळून आलेला वेडा खुनी हा त्यांना आयता सापडलेला आरोपी आहे. तपास पूर्णत्वाला नेणारे इन्स्पेक्टर कर्वे (इफ्तेखार) हे पात्र नावाने मराठी आहे. मुंबई पोलिसांचे चित्र रंगवताना हिंदी चित्रपटाला असे एखादे नाव लागतेच.

हे कथानक मूळचे मॉन्टी डॉइल यांच्या 'साइनपोस्ट टू मर्डर' या इंग्रजी नाटकाचे. त्यावरून हॉलिवुडमध्ये त्याच नावाचा चित्रपट निघाला आणि गुजरातीत 'धुम्मस' हे नाटक आले. 'धुम्मस' म्हणजे धुके. हिंदीत येताना हे शीर्षक 'इत्तेफाक', म्हणजे योगायोग, असे बदलले. हा बदल वरवरचा नाही. पत्नीच्या खुनाचा आरोप असलेला माणूस पळतो आणि शहरातील असंख्य घरे सोडून नेमका जेथे पतीचा खून नुकताच झाला आहे त्याच घरात शिरतो, ही घटना संभाव्यतेच्या कोणत्याही कसोटीवर टिकणारी नाही. 'असे कुठे घडते का?' हा आक्षेप प्रेक्षक घेणार हे निर्मात्यांना ठाऊक होते. म्हणून तो आक्षेप त्यांनी शीर्षकातच मान्य करून टाकला. ॲरिस्टॉटलने नाट्यरचनेत संभाव्यतेला दिलेले महत्त्व सुपरिचित आहे. तथापि प्रेक्षकाचा व्यवहार त्याहून थोडा सैल असतो. संकट निर्माण करणारा योगायोग तो विनातक्रार स्वीकारतो, संकट सोडवणारा योगायोग मात्र त्याला फसवणूक वाटतो. 'इत्तेफाक'मधील योगायोग आरंभी येतो आणि नायकाला अधिक खोल गर्तेत ढकलतो. म्हणूनच तो खपून जातो.

चित्रपटाची खरी बांधणी दोन खुनांच्या परस्परविरोधी ठेवणीत आहे. एका बाजूला पत्नीच्या खुनाचा आरोप असलेला, सर्वांनी दोषी ठरवलेला आणि प्रत्यक्षात निर्दोष पती. दुसऱ्या बाजूला पतीच्या खुनाचा संशयही जिच्यावर येत नाही अशी आणि प्रत्यक्षात दोषी पत्नी. दोघेही एका रात्रीपुरते एका छपराखाली आहेत. त्यांच्यापैकी कोणावर विश्वास ठेवायचा हा निर्णय प्रेक्षकाकडून चित्रपट नकळत करून घेतो, तोही पुराव्याच्या आधारे नव्हे तर चेहऱ्याच्या आधारे. दुसऱ्या खुनाची, म्हणजे दिलीपच्या पत्नीच्या खुनाची, उकल मात्र अखेरीस घाईने उरकली आहे. जिच्यापासून कथा सुरू झाली त्या मृत स्त्रीविषयी चित्रपटाला फारसे कुतूहल नाही, ही त्यातील एक ठळक उणीव होय.

नंदा नावाचे प्रमाणपत्र

हिचकॉक यांनी फ्रान्स्वा त्रुफो यांच्याशी झालेल्या प्रसिद्ध मुलाखतीत उत्कंठा आणि धक्का यांतील भेद एका दृष्टांताने स्पष्ट केला आहे. टेबलाखाली बॉम्ब आहे हे प्रेक्षकाला आधी माहीत नसेल तर स्फोटाच्या वेळी त्याला क्षणभर धक्का बसेल. पण बॉम्ब आहे हे त्याला ठाऊक असेल आणि टेबलाभोवती बसलेल्या माणसांना नसेल, तर त्यांच्या साध्या गप्पाही त्याला असह्य होतील. हिचकॉक यांच्याच 'डायल एम फॉर मर्डर'मध्ये (१९५४) पतीने रचलेला पत्नीच्या खुनाचा कट प्रेक्षकाला आरंभीच तपशीलवार कळतो. पुढचे सारे नाट्य तो कट कसा फसतो आणि कसा उघडकीस येतो याचे आहे. याच कथेवरून हिंदीत 'ऐतबार' (१९८५) निघाला. या कसोटीवर 'इत्तेफाक' उत्कंठेचा नव्हे, तर धक्क्याचा चित्रपट ठरतो. धक्का एकदाच बसतो, असा नियम मानला तर हा चित्रपट दुसऱ्यांदा पाहण्याचे कारण उरू नये. प्रत्यक्षात शेवट ठाऊक असलेले प्रेक्षकही तो पुन्हा पाहतात. या विसंगतीचे उत्तर नंदाच्या प्रतिमेत आणि अभिनयात शोधावे लागते.

मराठी प्रेक्षकाला नंदा ही केवळ अभिनेत्री नव्हती. 'ब्रह्मचारी'कार मास्टर विनायक यांची ती कन्या. १९४७ साली वडिलांचे अकाली निधन झाल्यावर लहान वयातच 'बेबी नंदा' म्हणून ती कॅमेऱ्यासमोर उभी राहिली. घर चालवण्यासाठी काम करणारी मुलगी ही तिची पहिली ओळख. पुढे मराठीत 'कुलदैवत' (१९५५), हिंदीत 'तूफान और दिया' (१९५६), 'भाभी' (१९५७) आणि त्या सर्वांवर कळस म्हणून 'छोटी बहन' (१९५९). या चित्रपटानंतर ती साऱ्या देशाची धाकटी बहीण झाली. 'काला बाजार'मध्ये (१९६०) पुन्हा नायकाची बहीण, 'धूल का फूल'मध्ये (१९५९) सोशिक पत्नी, 'हम दोनो'मध्येही (१९६१) पत्नीच. 'जब जब फूल खिले'ने (१९६५) तिला आधुनिक वेष दिला. प्रतिमेचा गाभा मात्र तसाच राहिला. विशेष म्हणजे रहस्यपट तिला नवा नव्हता. बी. आर. चोप्रा यांच्या 'कानून'मध्ये (१९६०) ती न्यायाधीशांची निष्पाप कन्या होती आणि 'गुमनाम'मध्ये (१९६५), जेथे एकामागून एक माणसे मारली जातात, तेथेही प्रेक्षकाच्या जिवाची घालमेल तिच्यासाठीच होत होती. रहस्यपटात नंदा असेल तर तिच्यावर संशय घ्यायचा नसतो, तिची काळजी करायची असते, हे प्रेक्षक दहा वर्षे शिकत आला होता.

यश चोप्रा यांनी हे शिक्षण भांडवल म्हणून वापरले. दिलीप बंगल्यात शिरतो तेव्हा प्रेक्षकाला दिसते ती रेखा नव्हे, नंदा. आणि तिच्याविषयीची चिंता त्याच्या मनात उमटण्यासाठी दिग्दर्शकाला एकही संवाद खर्च करावा लागत नाही. साहित्यसमीक्षेत 'अविश्वासाचे स्वेच्छेने केलेले निलंबन' ही कोलरिजची संकल्पना वारंवार वापरली जाते. येथे त्याच्या उलट काहीतरी घडते. प्रेक्षक अविश्वास बाजूला ठेवत नाही. त्याचा विश्वासच त्याला आंधळा करतो. कथेतील खुनी पोलीस अधिकारीही आहे, म्हणजे विश्वासाचा भंग दोन ठिकाणी झाला आहे. परंतु सुजितकुमार यांनी साकारलेल्या इन्स्पेक्टरचे खरे रूप कळल्याने प्रेक्षक फारसा हादरत नाही. त्याला हादरवते ती रेखा.

दुसऱ्यांदा चित्रपट पाहताना लक्ष वेधून घेते ती गोष्ट अशी की नंदाने खोटा अभिनय जवळजवळ कोठेच केलेला नाही. रेखा घाबरलेली आहे, हे खरेच आहे. ज्या घरात पतीचे प्रेत आहे त्या घरात एक अनोळखी माणूस शिरला आहे. कोणतीही स्त्री घाबरेल. फक्त तिच्या भीतीचे कारण प्रेक्षकाने चुकीचे लावलेले असते. तिला त्या माणसाची भीती वाटते असे आपण समजतो. तिला भीती आहे ती तो घरात काय पाहील याची. ती मदतीसाठी आकांत का करीत नाही, यालाही प्रेक्षक भेदरलेपणाचे कारण देतो. पोलिसांनी घराची झडती घ्यावी अशी इच्छा तिला असणे शक्यच नव्हते, हे नंतर कळते. दिलीपशी ती हळूहळू मऊपणाने बोलू लागते तेव्हा प्रेक्षकाला त्यात भगिनीभाव दिसतो, कारण नंदाच्या स्वरात तो नेहमीच असे. तोच स्वर दुसऱ्या वेळी ऐकताना हिशेबी वाटू लागतो, आणि तरीही त्यातील करुणा पूर्णपणे खोटी आहे असे म्हणवत नाही. भारतीय नाट्यशास्त्राच्या परिभाषेत सांगावयाचे तर अनुभाव तेच राहतात, विभाव बदलतो, आणि त्यामुळे रसही बदलतो. एकाच आविष्काराचे दोन अर्थ सांभाळणारा हा अभिनय नंदाच्या कारकिर्दीत सर्वांत उंचीचा मानावा लागेल.

याच काळातील मराठी रहस्यपटाशी तुलना केल्यास 'इत्तेफाक'चे वेगळेपण अधिक स्पष्ट होते. राजा परांजपे यांचा 'पाठलाग' (१९६४) हा मराठीतील रहस्यपटाचा मानदंड समजला जातो. जयंत देवकुळे यांच्या 'आशा परत येते' या कादंबरीवर तो आधारलेला असून त्यावरूनच राज खोसला यांनी 'मेरा साया' (१९६६) केला. तेथेही एका स्त्रीच्या खरेपणाचा प्रश्न आहे : पत्नीच्या निधनानंतर तिच्यासारखी हुबेहूब दिसणारी एक आरोपी स्त्री आपण तुमचीच पत्नी आहोत असे वकील असलेल्या नायकाला सांगते. संशयाचे ढग दाट होत जातात. परंतु अखेरीस संशय फिटतो, पत्नी पत्नीच ठरते आणि डागाचा वाटा तिच्या जुळ्या बहिणीकडे जातो. प्रेक्षकाला घाबरवून शेवटी आश्वस्त करणारी ही रचना आहे, आणि ती मराठी मध्यमवर्गीय रुचीला मानवणारी होती. 'इत्तेफाक'मध्ये जुळी बहीण नाही. डाग ज्या स्त्रीवर पडतो तिच्यावरच राहतो. बाबूराव अर्नाळकरांच्या धनंजय आणि झुंजार यांच्या कथांवर वाढलेल्या वाचकालाही हे पचावयास जड गेले असेल. तेथे गुन्हेगार धूर्त असला तरी नायकाच्या नजरेतून तो सुटत नाही आणि वाचक नायकाच्या बाजूला सुरक्षित असतो. येथे नायकच वेडा ठरवला गेलेला आहे.

गाण्यांचा अभाव आणि आवाजाचा अतिरेक

प्रेक्षकमतात वारंवार येणारे दोन मुद्दे येथे थोडक्यात घेणे योग्य ठरेल. पहिला गाण्यांचा. 'इत्तेफाक'मध्ये एकही गाणे नाही आणि त्याची लांबी सुमारे पावणेदोन तासांची आहे. चित्रपटगृहातून बाहेर पडल्यावर गुणगुणण्यासारखे काही नसणे ही त्या काळच्या प्रेक्षकाला तूट वाटणे स्वाभाविक होते. मात्र गाण्याविना हिंदी चित्रपट ही कल्पना नवी नव्हती. याच संस्थेचा 'कानून' तसाच होता. 'आदमी और इन्सान'चे चित्रीकरण सायरा बानू यांच्या आजारपणामुळे थांबले असता मधल्या काळात 'इत्तेफाक' झपाट्याने, सुमारे महिन्याभरात पूर्ण करण्यात आला, ही हकिकत प्रसिद्ध आहे. थोडी पात्रे, मुख्यतः एकच घर, एकच रात्र ही मर्यादा काही अंशी अशी परिस्थितीने लादलेली होती. तिचा फायदा ध्वनीला झाला. सलिल चौधरी यांचे पार्श्वसंगीत आणि एम. ए. शेख यांचे ध्वनिमुद्रण यांनी गाण्यांची जागा भरून काढली. फिल्मफेअर पुरस्कारांमध्ये यश चोप्रा यांना दिग्दर्शनासाठी आणि शेख यांना ध्वनीसाठी गौरवण्यात आले. बंद घरातील शांतता ऐकू येते असे हिंदी चित्रपट फार थोडे आहेत.

दुसरा मुद्दा राजेश खन्ना यांच्या अभिनयाचा. आरंभीच्या दृश्यांतील त्यांचा आक्रस्ताळेपणा आजच्या प्रेक्षकाला हास्यास्पद वाटतो, आणि तो काही प्रमाणात हास्यास्पद आहेच. दिलीप दोषी असू शकेल असे वाटण्यासाठी त्याने बेभान होणे आवश्यक होते हे मान्य केले तरी दिग्दर्शकाने येथे प्रमाण राखलेले नाही. रात्रीच्या प्रसंगांत मात्र, नंदाच्या संयत अभिनयासमोर आल्यावर, त्यांचा आवाज खाली येतो आणि थकलेला, स्वतःवरचाच विश्वास गमावत चाललेला एक माणूस दिसू लागतो. १९६९ हेच 'आराधना'चेही वर्ष होय. त्यानंतर उसळलेल्या लोकप्रियतेच्या लाटेत असा विस्कटलेला, मोहक नसलेला राजेश खन्ना पडद्यावर क्वचितच दिसला.

ज्यूरी, वेडा आणि चेहऱ्यावरून न्याय

'इत्तेफाक'च्या प्रेक्षकमताला मुंबईचा एक विशिष्ट संदर्भ आहे. दहाच वर्षांपूर्वी, २७ एप्रिल १९५९ रोजी, नौदलातील कमांडर के. एम. नानावटी यांनी पत्नीचा प्रियकर प्रेम आहुजा याला गोळ्या घालून ठार केले होते. सत्र न्यायालयातील ज्यूरीने आठ विरुद्ध एक अशा मताने त्यांना निर्दोष ठरवले. उच्च न्यायालयाने तो कौल अमान्य करून त्यांना जन्मठेप सुनावली आणि नोव्हेंबर १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. 'ब्लिट्झ' या साप्ताहिकाने नानावटींची बाजू हिरिरीने मांडली होती. गणवेशातील रुबाबदार पती आणि चैनी प्रियकर अशी विभागणी लोकमानसात आधीच झालेली होती. 'ये रास्ते हैं प्यार के' (१९६३) आणि पुढे गुलजार यांचा 'अचानक' (१९७३) हे चित्रपट या प्रकरणाच्या छायेत निर्माण झाले. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत तर ज्यूरीला स्थानच उरले नाही. चेहरा, पेशा आणि घराणे पाहून खुनाविषयी कौल देण्याची सवय मुंबईच्या लोकमताला अशा रीतीने प्रत्यक्ष खटल्यातच लागली होती. 'इत्तेफाक' त्याच शहरातील प्रेक्षकाला पुन्हा ज्यूरीच्या बाकावर बसवतो आणि त्याचा कौल चुकवतो.

या चुकीची किंमत चित्रपटात दिलीप मोजतो. रहस्यपट म्हणून 'इत्तेफाक'ची चर्चा होते तेव्हा त्यातील मनोरुग्णालय हे केवळ कथेला गती देणारे साधन मानले जाते. वस्तुतः कटाचा पाया तेथेच आहे. दिलीपने प्रेत पाहिले आहे, म्हणजे तो साक्षीदार आहे. पण तो वेडा ठरलेला असल्याने त्याच्या डोळ्यांना साक्षीचे मोल नाही. रेखा आणि दिवाण यांना तो आरोपी म्हणून सोयीचा वाटतो तो याच कारणाने. 'वेड्याने खून केला' हे वाक्य पोलीस, न्यायालय आणि समाज पुराव्याविना स्वीकारतील, हा त्यांचा अंदाज अचूक आहे. चित्रपट आला तेव्हा १९१२ चा 'लुनसी ॲक्ट' अमलात होता; त्यानंतर १९८७ चा मानसिक आरोग्य कायदा आला आणि २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने रुग्णाच्या हक्कांची भाषा प्रथमच ठामपणे मांडली. कायद्याची भाषा बदलली. बोलण्यातली भाषा तेवढी बदललेली नाही. ठाण्याचे मनोरुग्णालय १९०१ पासून उभे आहे आणि 'याला ठाण्याला पाठवा' हा विनोद खाडीच्या दोन्ही तीरांवर, सुशिक्षितांच्या बैठकीतही अजून ऐकू येतो. त्या विनोदात जे गृहीत धरलेले असते तेच रेखाने गृहीत धरले होते. पहिल्या पाहण्यात प्रेक्षकही तेच गृहीत धरतो. नंदाविषयीचे अनुकूल मत आणि वेड्याविषयीचे प्रतिकूल मत ही एकाच नाण्याची दोन अंगे असून कट यशस्वी होण्यासाठी दोन्ही लागतात.

नव्या प्रेक्षकाचे मत

प्रतिमेवर उभे असलेले रहस्य ती प्रतिमा विस्मृतीत गेल्यावर टिकते काय, हा या संदर्भातील खरा प्रश्न आहे. नवी मुंबई वसवण्यासाठी सिडकोची स्थापना झाली ती मार्च १९७० मध्ये. म्हणजे हा चित्रपट या शहराहूनही जुना आहे. येथील महाविद्यालयांतून आज शिकणारी पिढी नंदाला ओळखत नाही. तिच्या दृष्टीने रेखा ही मोठ्या घरात एकटी असलेली, नको तेवढी सावध असलेली एक स्त्री असते, आणि असा प्रेक्षक तिच्यावर पहिल्या काही मिनिटांतच बोट ठेवतो. 'हे तर आधीच कळले होते' ही त्याची प्रतिक्रिया चुकीची नाही; पण तिच्यातून चित्रपटाचा कमकुवतपणा सिद्ध होत नाही. कुलूप त्याच्यासाठी बनवलेलेच नव्हते. एवढे मात्र कबूल करावे लागते की ज्या कृतीचा मुख्य परिणाम प्रेक्षकाच्या बाहेरून आणलेल्या स्मृतीवर अवलंबून असतो, तिचे रहस्य एका पिढीच्या पलीकडे जात नाही. 'डायल एम फॉर मर्डर' आजही ताण निर्माण करतो, कारण तो ताण दाराच्या किल्लीवर आहे, ग्रेस केली यांच्या कीर्तीवर नाही.

२०१७ साली अभय चोप्रा यांनी 'इत्तेफाक' नव्याने केला तेव्हा ही अडचण त्यांनी ओळखलेली दिसते. आजोबांच्या संस्थेचा हा चित्रपट हाती घेताना त्यांनी जुन्या नावाखाली उलटा डाव मांडला. नव्या चित्रपटात पळालेला पुरुष (सिद्धार्थ मल्होत्रा) आणि घरातील स्त्री (सोनाक्षी सिन्हा) आपापली हकिकत पोलीस अधिकाऱ्याला (अक्षय खन्ना) सांगतात. जुना शेवट ठाऊक असलेला प्रेक्षक स्त्रीवर संशय घेऊन बसतो, अधिकारीही त्याच निष्कर्षाप्रत येतो, आणि अखेर खुनी निघतो तो पुरुष. १९६९ मध्ये प्रेक्षकाला नंदावरील विश्वासाने फसवले. २०१७ मध्ये त्याला जुन्या 'इत्तेफाक'च्या स्मृतीने फसवले. रहस्य फोडू नये असे आवाहन या वेळी प्रसिद्धीचा भाग म्हणून करण्यात आले, हा आणखी एक योग. नवा चित्रपट हुशार आहे, वेगवान आहे. पण त्यातील स्त्री शेवटी केवळ चुकीची आरोपी म्हणून उरते. तिच्या चेहऱ्याकडे पुन्हा वळून पाहावे असे काही तिच्या हाती दिलेले नाही.

जुन्या रेखाचे तसे नाही, आणि तरी तिच्यावरही अन्याय झालेलाच आहे. चित्रपट तिच्या गुन्ह्याचा उलगडा करतो, तिच्या संसाराचा करीत नाही. जगमोहन कसा माणूस होता, या लग्नात तिला काय मिळाले आणि काय मिळाले नाही, दिवाणवर तिचे प्रेम होते की सुटकेची ती वाट होती, यांपैकी कशाचेही समाधानकारक उत्तर मिळत नाही. नानावटी प्रकरणात खून करणाऱ्या पतीसाठी शहर हळहळले, कारण त्याची कथा शहराला सविस्तर सांगितली गेली होती. पतीचा खून करणाऱ्या पत्नीची कथा सांगावी असे पटकथेला वाटले नाही. तिला उघडी पाडणे पुरेसे वाटले. हळहळ निर्माण होते ती पटकथेमुळे नव्हे, तर रात्रीच्या त्या मधल्या प्रसंगांमुळे, जेथे पळून आलेल्या, भुकेल्या, दमलेल्या माणसाशी बोलताना रेखा काही क्षण कट विसरल्यासारखी दिसते. ते विसरणे संहितेत लिहिलेले असेल असे वाटत नाही.